माझा हात, तुमचा हात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते सरोजिनी नगरला जाऊन उशांचे अभ्रे आणायचं. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष आहे असं माहीत असतं तर मी भांडलो नसतो, आणि भांडलो नसतो तर तिला संशय आला असता.

भांडण फ्लायओव्हरवरून झालं. दिल्लीत गाडी चालवायची म्हणजे दर थोड्या वेळाने एकच सवाल येतो, वरून जायचं की खालून. फोनमधली बाई मीटर सांगते, वळणं सांगते, पण हे नीट सांगत नाही. बायको फोन मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "खालून." मी वरून नेली. मग पुढे बराच वेळ वळायला जागाच मिळेना.

"बघा," ती म्हणाली, "ही बाईपण गप्प बसली. हिलाही दमवलंत तुम्ही."

"विचार करत असेल."

"विचार करतेय, ह्या बाबाला कसा काय ड्रायव्हिंगचा परवाना मिळाला."

अभ्रे आणले. फुलाफुलांचे. मला आवडले नव्हते, तसं सांगितलं. त्याच आठवड्यात ती गेली. झोपेतच. चहा ठेवायला उठली नाही म्हणून हाक मारली, इतकंच. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही आणि वाचणाऱ्यालाही काही करता येत नाही.

माझं शिक्षण चौथी. सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. फायली इकडून तिकडे नेल्या, साहेबांना तोंडावर बोललो, बदल्या भोगल्या. मुलगा शिकला, तोही सरकारी नोकरीत लागला, पण खुर्चीवर. त्याच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर आम्ही दोघं राहायला गेलो. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी छोटी गाडी मला दिली. त्या वयात मी गाडी शिकलो. घरात सगळं चांगलं आहे, पण खरं सांगायचं तर घरात मी पाहुणा. रिमोट नातीचा, स्वयंपाकघर सुनेचं, बाल्कनी कपड्यांची. गाडीत बसलो की मालक मी. मालकीण शेजारी.

आता हाताची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी डावखुरा. जेवतोही डाव्या हाताने. शाळेत मास्तरांनी छड्या मारल्या, हात बदलला नाही. लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा मी डावा हात पुढे केला. तिच्याकडच्या बायकांनी एकदम श्वास घेतला. सासूबाई म्हणाल्या, उजव्याने भरवा. उजव्याने भरवायला गेलो तर जिलबी तिच्या नाकाला लागली. पाक नथीत गेला. ती तिथेच हसली, आणि नवरी मांडवात हसली म्हणून त्याची वेगळी चर्चा झाली.

आणि तिचं उलटं. तिला डावं-उजवं कधी कळलंच नाही. दहावी पास होती, हिशेबात पक्की, पण 'उजवीकडे' म्हटलं की तिला आधी हवेत घास घ्यावा लागायचा. बोटं जुळवून तोंडाकडे न्यायची, मग म्हणायची, हा जेवायचा हात, म्हणजे उजवा. मी गाडी शिकत होतो तेव्हा ती म्हणाली, "जेवायच्या हाताला वळा." मी माझ्या जेवायच्या हाताला वळलो. समोरून बस, बाजूला पोलीस. पोलिसाने विचारलं, "बाबूजी, कहाँ जा रहे हो?" ती आतून म्हणाली, "भैया, ये उलटे हाथ से खाते हैं." त्याला वाटलं दोघं वेडे. सोडून दिलं.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. 'माझा' म्हणजे तिचा जेवायचा हात, उजवीकडे. 'तुमचा' म्हणजे माझा, डावीकडे. मुलाने नंतर फोनमध्ये नकाशा घालून दिला. बाई हिंदीत बोलायची, 'दाएँ मुड़ें'. ही हवेत घास घ्यायची आणि सांगायची, "माझा." मी वळायचो. फोनचं मी कधी ऐकलंच नाही. ऐकायचं काम तिचं, वळायचं माझं. तिला घाई असली की नुसतं, "माझ्याकडे, माझ्याकडे." आता गंमत बघा. ती बसायची डाव्या सीटवर, आणि तिचं 'माझ्याकडे' म्हणजे उजवीकडे, माझ्या अंगाला. तिसऱ्याला हे कळणं शक्य नाही. आम्हाला कळत होतं, म्हणून कोणाला सांगायची वेळ आली नाही.

ती गेल्यावर गाडी बरेच दिवस खाली धूळ खात उभी होती. मग मुलगा ऑफिसच्या दौऱ्यावरून परत यायचा होता, रात्री नाही, भर दुपारी, आणि सून म्हणाली, "बाबा, आपण दोघं जाऊया ना एअरपोर्टला. टॅक्सी नको." सून दिल्लीची, पंजाबी घरातली. मराठी सासूकडून शिकली आणि माझ्याशी हट्टाने मराठीच बोलते. फक्त डावा कुठला आणि उजवा कुठला हे दोन शब्द तिच्या डोक्यात अदलाबदल होतात. म्हणून ते शब्द ती टाळते.

फोन तिच्या हातात. धौला कुआँच्या पुढे निघालो, छान चाललो होतो. एअरपोर्टचा फाटा जवळ आला आणि नेमका मुलाचा फोन आला. नकाशातली बाई बंद. मुलगा बोलतोय, "बाहर आ गया, कहाँ हो?" सूनबाई एका हाताने फोन धरून मला म्हणाली, "बाबा, माझ्या तरफ. माझ्या तरफ घ्या."

तिला म्हणायचं होतं तिची बाजू, डावी. पण त्या सीटवरून 'माझ्या' ऐकलं आणि माझे हात आपोआप उजवीकडे वळले.

गाडी उजव्या पट्ट्यात गेली, फ्लायओव्हरने उचलली आणि एअरपोर्टच्या डोक्यावरून थेट गुडगावच्या वाटेला लावली. सून वळून मागे बघत राहिली. मुलाने परत फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बाबा मला गुडगाव दाखवतायत." काचेच्या उंच उंच इमारती आल्या. यू-टर्न काही येईना. मी विचारलं, "हे सगळं कधी झालं?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही समोर बघा."

मुलगा बॅगेवर बसून वाट बघत होता. गाडीत काही बोलला नाही. जेवण झाल्यावर बोलला.

"बाबा, एक बात बोलू? रागावू नका."

"बोल की."

"तुम्हाला डावं-उजवं कळत नाहीये आता. ही साफ सांगत होती माझ्या तरफ. लहान मूल पण समजेल, यार. हायवेवर कुणी ठोकलं असतं तर?" त्याने चावी उचलली आणि आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. "मेट्रो आहे ना खालीच. बिल्कुल आराम."

"मेट्रोत लोक उठून जागा देतात," मी म्हणालो. "मला जागा नको. स्टेअरिंग पाहिजे."

"बाबा, प्लीज."

तिथेच सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे हवेत घास घेऊन दाखवायचा, तिच्यासारखा. मुलासमोर, सुनेसमोर. जन्मभर फटकळ म्हणून नाव कमावलं आणि हे एवढं तोंडातून निघेना. वाटलं, ते दोन शब्द बाहेर काढले की मग ते आमचे राहणार नाहीत. मी गप्प बसलो आणि मुलाला वाटलं मी कबूल केलं.

आणि आणखी एक. मलाही भीती वाटली होती. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दूध आणायला जातात आणि दुसऱ्याच इमारतीत शिरतात. मी अंथरुणात पडून दोन्ही हात वर करून बघायचो. हा डावा, हा उजवा. कळत होतं. पण त्या गृहस्थांनाही आपलं कळतंय असंच वाटत असेल ना.

रविवारी मुलगा केस कापायला गेला. सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात चावी.

"बाबा, चला. खालच्या खालीच. पार्किंगमध्ये."

"तो ओरडेल."

"माझ्यावर ओरडेल. तुम्हाला काय?"

खाली गेलो. ती डाव्या सीटवर बसली. म्हणाली, "माझ्या तरफ." मी उजवीकडे घेतली. खांबाला वळसा घालून परत आलो. "माझ्या तरफ." परत उजवीकडे. तिसऱ्यांदाही तेच. तिने हँडब्रेक ओढला.

"बाबा, तुमचं डोकं ठीक आहे. विसरणारा माणूस कधी इकडे जातो, कधी तिकडे. तुम्ही दर वेळी एकाच तरफ जाताय. काहीतरी आहे. आता सांगा, नाहीतर मी हॉर्नवर हात ठेवून बसेन."

मग सांगितलं. जिलबीपासून पोलिसापर्यंत. घास कसा घ्यायची तेही करून दाखवलं. सून इतकी हसली की वॉचमन बघायला आला.

"आई असं करायच्या," ती म्हणाली. "मी मागे बसलेली असायची ना. मला वाटायचं, त्यांना भूक लागली, लाजून मागत नाहीत. मी दर वेळी बिस्किट द्यायची."

"आणि ती?"

"खायच्या. थँक्यू म्हणायच्या."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून कुरकुर आवाज येत होता, मला वाटायचं गाडीचाच. मला वाटलं होतं सांगितलं की संपेल. संपलं नाही. उलट तिच्याबद्दल एक नवीन गोष्ट मिळाली, ती गेल्यावर.

मुलगा केस कापून आला. सुनेने टेबलावर सगळं सांगितलं. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता.

"म्हणजे आईला डावं-उजवं कळत नव्हतं?"

"कधीच नाही."

"आणि तिच्या भरवशावर तुम्ही मला स्टेशनवर सोडायला यायचात?"

"तू मागे झोपलेला असायचास. तुझं काय गेलं?"

तो हसला. पण आहे पक्का. म्हणाला, असं नाही चालणार, फोन समोर स्टँडवर लावायचा, आवाज मोठा, आणि तुम्ही स्वतः ऐकायचं. शेजारी बसलेला माणूस बोलणार नाही. पुढच्या दौऱ्याला मला एअरपोर्टला सोडा, मग बघू.

सुनेने आधी बाई मराठीत बोलती केली. ती 'उजवीकडे वळा' असं म्हणायची की जणू बातम्या देतेय. मला ते ऐकवेना. मराठीत रस्ता सांगणारी एकच होती. परत हिंदी लावली.

दौऱ्याच्या दिवशी मुलगा शेजारी हाताची घडी घालून बसला. परीक्षेचा साहेब असतो तसा. मी ऐकत होतो. बाई म्हणाली 'दाएँ', की माझ्या तोंडातून हळूच निघायचं, "माझा." 'बाएँ' म्हणाली की, "तुमचा." मग हात वळायचे. दोन बायकांमधला दुभाषी झालो होतो म्हणा. मुलाने ऐकलं असणार. खिडकीबाहेर बघत राहिला. तो फाटा आला, बाई म्हणाली, 'बाएँ रहें.' मी म्हणालो, "तुमचा." आणि डावीकडे घेतली. फ्लायओव्हर उजवीकडे राहिला, गुडगावला जाणारे गुडगावला गेले.

टर्मिनलपाशी त्याने बॅग काढली. चावी गाडीलाच होती. तिच्याकडे त्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सर्व्हिसिंग ड्यू आहे, बाबा. करून घ्या," तो म्हणाला. "आणि पोचलात की फोन करा." मग गर्दीत गेला. परत येताना गाडीत मी एकटा होतो. आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली आणि फोनला सांगितलं, मुनिरका. तिथे एक बाई मराठी पोरांना डबे देते आणि तिच्याकडे ज्वारीची भाकरी मिळते असं इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एकाने सांगितलं होतं. आमच्या घरी आता भाकरी कोणाला येत नाही. सुनेने यूट्यूबवर बघून केली होती एकदा, ती आम्ही प्रेमाने तोडली.

रस्त्यात एका ठिकाणी बाई म्हणाली डावीकडे, मी मुद्दाम उजवीकडे गेलो. बघायचं होतं काय करते. काही नाही. तिने मुकाट्याने नवा रस्ता काढला. रागावली नाही, तोंड फुगवलं नाही, पुढच्या सिग्नलला टोमणा मारला नाही. असली बाई काय कामाची. मग तिचं ऐकत गेलो, तर गल्ल्या अरुंद होत होत एका भिंतीपाशी नेऊन म्हणाली, 'आप पहुँच गए हैं.' भिंतीवर कोणाच्या तरी ओल्या जीन्स वाळत होत्या. मागे रिक्षा, पुढे भिंत.

तेवढ्यात सुनेचा फोन.

"बाबा, कुठे आहात?"

"चुकलोय," मी म्हणालो. "मुनिरक्यात. उशीर होईल."

"येऊ का मी?"

"कशाला? नाश्ता करून घ्या तुम्ही."

काच खाली केली आणि रिक्षावाल्याला विचारलं, भाकरीवाली बाई कुठे राहते. तो म्हणाला, गाडी इथेच लावा, बाबूजी, चालत जावं लागेल.