माझ्याच सरींतला रोग

टोमॅटोचा हट्ट माझा. मैंदर्गीच्या आमच्या रानात तोवर तूर आणि ज्वारी. मी सासऱ्यांना सरळ म्हटलं, विहिरीला पाणी आहे, अर्धा एकर मला द्या, करून दाखवते. त्यांनी दिला, वर रोज माझ्याबरोबर राबायलाही येऊ लागले. विहिरीकडच्या सरींतली झाडं ते तारेला बांधायचे, रस्त्याकडची मी.

झाडं कमरेला लागली आणि पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उठले, शेंडे आक्रसले. कृषी सहायकांना बोलावलं. ते म्हणाले, हा विषाणू, याला औषध नाही. रोगट झाडं उपटून पुरा. तंबाखूतून येतो आणि हातानं झाडोझाड पसरतो. घरात तंबाखू कोण खातं?

"आमचे मामा," सासऱ्यांकडे बोट करून मी पटकन सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते पिकात शिरलेच नाहीत. बांधावर बसून राहिले. या की, म्हटलं, तर नुसती मान हलवली आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मी एकटीच उपटायला लागले. दहा-बारा झाडं उपटल्यावर माझ्या ध्यानात आलं, की विहिरीकडं एकही रोगट झाड नाही. सगळी घाण माझ्या सरींत.

सासऱ्यांची जुनी शिस्त होती. पुडी बांधावरच्या दगडाखाली ठेवायची, हात धुवायचे, मगच पिकाला शिवायचं. या सोवळ्याला मी हसायचे. आणि मी? लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या कनवटीला तंबाखू असते हे घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. दोन सरींच्या मधे वाकायचं, चिमूट मळायची, तोंडात टाकायची आणि त्याच हातानं पुढचं झाड बांधायचं. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही होते.

आता गुपचूप हात धुतले असते तरी पीक वाचलं असतं. पण म्हातारा माणूस माझ्या पापाचं ओझं घेऊन बांधावर बसलेला मला बघवेना. लाज वाटत होती, तरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, रोग माझ्या हातानं आलाय. मी खाते."

त्यांनी वर पाहिलं. मग सरकून दगड उचलला. खाली त्यांची पुडी होती.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुजीबी हितंच ठेव. आन हात धू, लई सरी बांधायच्या राहिल्यात."