मी न काढलेलं अक्षर

या सदरातले अनुभव मी बहुतेक वेळा भांडायलाच वाचते. 'पुरावा काय?' असं विचारणारी ती मीच. भूत, दृष्ट, संकेत - यातलं काहीही मी मानत नाही, आणि आजचं लिहून झाल्यावरही मानणार नाही. आमच्या घरात गंडेदोरे नव्हते, पत्रकं होती. पप्पा सुट्टीच्या दिवशी बेलवलीच्या चौकात पत्रकं वाटायचे आणि मी त्यांच्या पिशवीला धरून उभी असायचे. पंधराव्या वर्षी मी स्वतः एक लिहिलं, अंगात येणाऱ्या एका बाबाविरुद्ध. पप्पांनी त्यातली दोन विशेषणं खोडली आणि म्हणाले, "शिव्या नकोत, प्रश्न विचार."

तर प्रश्नच विचारते आहे.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहतो. पप्पा अंबरनाथच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांचं मशीन जपानहून आलेलं, जुनं. ते बसवायला एक जपानी इंजिनियर आले होते. कामावरून निघताना ते प्रत्येकाला, झाडणाऱ्या मावशींनाही, वाकून म्हणायचे, "ओत्सुकारेसामा." म्हणजे साधारण, दमलात, खूप काम केलंत. पप्पांना ते इतकं पटलं की त्यांनी इंजिनियरांकडून ते जपानीत एका पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि आमच्या दारात, चप्पल काढायच्या जागेवर लावलं. घरातला नियम झाला: जो आधी घरी येईल त्याने मागून येणाऱ्याला हे म्हणायचं. आई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला. ती पप्पांच्या नंतर यायची. तिने एक चप्पल काढली की आतून पप्पांचा आवाज - "ओत्सुकारेसामा." दुसरी चप्पल काढत आई म्हणायची, "सुकारेसामा, सुकारेसामा. चहा ठेवलाय का नुसतं जपानीच?"

पप्पा कारखान्यातच गेले. हार्ट ॲटॅक.

त्यानंतर आई दारात एक चप्पल काढायची आणि थांबायची. बराच वेळ. मग गुपचूप आत यायची. पुढे पुढे ती ओव्हरटाइम मागून घ्यायला लागली. मी रागावले तर म्हणाली, "घरी यायला नको वाटतं गं. दारातच पाय अडतो." 'ते वरून बघतायत' असं शेजारच्या बायका तिला सांगायच्या. मला ते कधी म्हणता आलं नाही. जे खरं नाही ते आईला कसं सांगू? पण त्या बायका तिला काहीतरी देत होत्या आणि मी काहीच देत नव्हते, हेही दिसत होतं.

मी तेव्हा, म्हणजे दोन हजार तीनच्या आसपास, उल्हासनगरला लच्छूदादांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रोग्रामर होते. एक दिवस दादा काम घेऊन आले, "अंबरनाथ की पार्टी है. मशीन का स्क्रीन गया. पीसी लगाया, तो सब कचरा दिखता है. तेरे पप्पा वाला कारखाना है, बेटी. नको असेल तर नाही बोल." मी हो म्हणाले.

कचऱ्याचं कारण सोपं होतं. मशीनचे मेसेज केबलमधून घेऊन पडद्यावर दाखवणारा टर्मिनल प्रोग्राम जुना, डॉसवरचा, इंग्रजीपुरता बनवलेला. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं, म्हणून तो आठवा बिट कापून टाकायचा. आमच्या मशीनच्या जपानी अक्षराला दोन बाइट लागायचे, आणि तेही आठ-आठ बिटांचे. आठवा कापला की अक्षराचे दोन तुकडे, दोन्ही निरर्थक. मी तो प्रोग्राम बदलला: दोन बाइट मिळून एक अक्षर धरायचं, त्याला पडद्यावर दोन घरांची जागा द्यायची, ओळ संपली तर अर्धं अक्षर तोडायचं नाही. फाँट नव्हता. मग मशीनला लागणारी अक्षरं मी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका भरून काढली. मशीनचे मेसेज इन मिन चाळीस, म्हणून त्यांत येणारी तेवढीच अक्षरं. जे अक्षर काढलेलं नाही तिथे कोरा चौकोन दिसेल अशी सोय केली.

ती अक्षरं मला लहानपणापासून ओळखीची होती. पप्पांनी त्यांना नावं ठेवली होती. हे 'दाराची चौकट', म्हणजे व्हॉल्व्ह. ही 'शेजारणीची खुर्ची', म्हणजे मशीन थांबलं. ठिपके भरताना मी कितीदा तरी हसले. रडलेही, पण दादा समोर नसताना.

अक्षरं काढून झाल्यावर एका संध्याकाळी आई कामावरून थेट दुकानात येणार होती, मला डबा द्यायला. त्या दुपारी दादांनी तोच पीसी एका व्यापाऱ्याच्या कामाला वापरला होता. ते काम सात बिटांचं. दादांची सवय अशी की सेटिंग बदलायचं आणि तसंच सोडायचं. मी प्रोग्राम सुरू केला. सेटिंग अजून सातवरच होतं. चाचणीसाठी मशीनचे मेसेज उतरवून आणलेली फ्लॉपी माझ्या पर्समध्ये. पीसीमागची केबल कशालाच जोडलेली नव्हती, मोकळं टोक टेबलावरून लोंबत होतं.

आई दाराशी आली. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल चालायची नाही, तशी पाटीच होती. आईने एक चप्पल काढली. आणि थांबली.

पडद्यावर अक्षरं आली. पाच. एकामागून एक, सावकाश, कोणी विचार करून बोलावं तशी.

मला वाचावी लागली नाहीत. दारातल्या पुठ्ठ्यावर ती मी रोज बघत होते. दुसरं अक्षर छपराखाली कोणीतरी बसलंय असं दिसतं. तेच काय, पाचांतलं एकही अक्षर मशीनच्या मेसेजमध्ये नाही. मी ती कधी काढलेलीच नव्हती.

दादा मागे उभे होते. "ये कौन सा मेसेज है? ये तो तूने बनाया नहीं." मग त्यांनी केबल पाहिली. लोंबतं टोक हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

"काय गं, काय झालं?" आईने दारातूनच विचारलं. "भूत दिसल्यासारखी काय बघतेस? तुमच्यात नसतात ना?"

माझ्यापुढे एकच प्रश्न होता. मी काय सांगू? 'पप्पा आलेत' हे मी सांगणार नव्हते. पण पडद्यावर जे आहे ते वाचून दाखवणं, ही काही अंधश्रद्धा नाही.

"आई," मी म्हटलं, "इथे लिहिलंय, ओत्सुकारेसामा."

ती अजून दारातच. उघडा पाय लादीवर, दुसऱ्या पायात चप्पल. मग तिने वाकून दुसरी चप्पल काढली, पहिलीच्या शेजारी नीट लावली. "सुकारेसामा," ती म्हणाली. आणि आत पाऊल टाकत, "चहा ठेवलाय का नुसतं जपानीच?"

दादा चहा सांगायला बाहेर गेले ते डोळे पुसतच.

पडदा जपून ठेवायच्या गडबडीत मी भलतीच कळ दाबली आणि ओळ गेली. पुढे आठवडाभर मी सगळं तपासलं. सात बिटांवर तीच अक्षरं पाठवून पाहिली: कचरा. आठवर पाठवली: पाच कोरे चौकोन. जसं व्हायला हवं तसंच. दादांनी गंमत केली असेल? त्यांना तोवर आमच्या दारातलं काही माहीत नव्हतं. मला भास झाला? मग दादांना काय दिसलं?

आईने ओव्हरटाइम बंद केला. तेव्हापासून ती आधी घरी येते, मी नंतर. मी एक चप्पल काढली की आतून आवाज येतो.

मशीनचं काम पूर्ण झालं. कारखान्यात तो प्रोग्राम अजून चालतो. ही पाच अक्षरंही फाँटमध्ये घाल, असं दादा कितीदा म्हणाले. मी घातली नाहीत. घातली तर ते माझं बोलणं होईल. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि चौकोन कोरे आहेत तोवर निदान प्रश्न तरी खरा आहे.