लिफ्टमधला सामुराई

आमच्या गावचा किल्ला सिमेंटचा आहे आणि आत चक्क लिफ्ट आहे. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे शेजारी गेन्झाबुरो सामुराईचं चिलखत घालून दारात उभे राहतात आणि लिफ्टकडे वळणाऱ्या प्रत्येकावर खेकसतात, "तुमचे पूर्वज काय लिफ्टनं लढाईला गेले होते?"

परवा त्यांचा गुडघा धरला. इकडंतिकडं बघत स्वारी गुपचूप लिफ्टमध्ये शिरली. वळून बघतात तर दाराबाहेर सकाळी झापलेली मंडळीच उभी! आता लिफ्टचं दार मिटताना बाहेरच्यांना वाकून नमस्कार करायची आमची रीत. गेन्झाबुरो कमरेतून वाकले आणि शिरस्त्राणाची शिंगं दारात अडकली. दार उघडलं. खोळंबा केला म्हणून त्यांनी माफी मागितली, अर्थात वाकून. पुन्हा शिंगं अडकली. बाहेरचे तर त्याहून सभ्य. तेही वाकून म्हणाले, "छे छे, आमचंच चुकलं." मग यांना परत वाकणं आलंच. रांग पार जिन्यापर्यंत गेली.

तेवढ्यात त्यांची बायको शिझुए डबा घेऊन आली. तिनं क्षणभर तमाशा बघितला आणि कडाडली, "अहो, घरी माझ्याशी वागता तसं वागा की जरा!"

गेन्झाबुरो रागानं ताठ झाले. दार अलगद मिटलं.