गास्तोंची एक सही

गास्तों पुजोलला मी भोळा म्हणणार नाही. भोळी माणसं एकवीस वर्षं मेयर राहत नाहीत, मग गाव त्र्याऐंशी डोक्यांचं का असेना. पण रेमों फाब्रेगचं नाव निघालं की ह्याची अक्कल चरायला जायची.

फाब्रेग आमच्याच गावच्या खाटकाचा मुलगा. वकील झाला, खासदार झाला, टीव्हीवर तावातावानं भांडायला लागला आणि एक दिवस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो म्हणाला. आमच्या देशात त्यासाठी उमेदवाराला पाचशे लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात; त्यात मेयरची सहीही चालते. मोठ्या पक्षांना त्या घरबसल्या मिळतात. ह्याच्यासारख्यांना खेडोपाडीच्या मेयरांचे उंबरठे झिजवावे लागतात. गास्तोंकडे जेवायला आला, बदकाचं मटण दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, "तुझीच सही नसेल, तर बाकीच्या चारशे नव्व्याण्णवांना काय अर्थ, गास्तों?"

गास्तोंची बायको सोलांज गावच्या शाळेतली एकुलती एक बाई. तिनं पाहुणा गेल्यावर बजावलं, की सही कोणी कोणाला दिली ते नावानिशी छापून येतं. जिल्ह्याचा अध्यक्ष फाब्रेगच्या विरुद्ध पक्षाचा, आणि शेजारच्या वाड्यांतली मुलं आणणारी गाडी त्याच्या मर्जीवर चालते. गाडी गेली की शाळा गेली. मेयरच्या कचेरीतला कारकून म्हणून मीही तेच बोललो.

"गावचा माणूस राष्ट्राध्यक्ष होतोय," सही ठोकत गास्तों हसून म्हणाला, "आणि तुम्ही गाडीचं काय घेऊन बसलात!"

फाब्रेगला दोन टक्के मतं पडली. लगेच त्यानं जिंकणाऱ्याला पाठिंबा दिला आणि मंत्री झाला. रोज पेपरात फोटो. इकडे सप्टेंबरात गाडी बंद. पंधरा मुलांची सहा राहिली. गास्तोंनं मंत्रालयात अकरा फोन केले. दर वेळी एक मुलगी गोड आवाजात निरोप लिहून घ्यायची. शेवटी उत्तर आलं ते फाब्रेगचा सही केलेला फोटो. माझं डोकंच फिरलं. मी तो चुलीत घालायला निघालो, तर गास्तोंनं हातातून काढून घेतला.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सोलांजची बदली लांबच्या शहरात झाली. शुक्रवारी घरी यायची, रविवारी जायची. नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तरी गास्तों पुन्हा मेयरकीला उभा राहिला. निवडून आलो तर शाळा उघडवून दाखवतो, एवढंच सोलांजला सांगत होता.

आमच्यासारख्या लहान गावात मतपत्रिकेवर सगळी नावं छापलेली असतात; नको त्याच्यावर काट मारायची. चौसष्ट मतं पडली होती; निवडून यायला निम्म्याहून जास्त, म्हणजे तेहेतीस लागत होती. गास्तों स्वतः पाकिटं उघडून मोठ्यानं वाचत होता, मी लिहीत होतो. स्वतःच्या नावावरची काटसुद्धा तो न अडखळता वाचायचा. शेवटचं पाकीट उरलं तेव्हा त्याची बत्तीस झाली होती. एक हवं होतं.

त्यानं पत्रिका उघडली आणि टेबलावर सपाट केली. मी वाकून पाहिलं. त्याचं नाव लाल शाईनं, पट्टी लावून, सरळ रेषेत खोडलेलं होतं. अशी काट गावात एकच माणूस मारतं. ते माणूस भिंतीजवळच्या बाकावर कोट घालून बसलं होतं.

"लाल शाई आहे," मी हळूच म्हणालो. "ओळख पटते म्हणून बाद करता येईल. मग त्रेसष्टांत तुझी बत्तीस पुरतात."

"बाईंनी तपासलेलं बाद होत नाही," गास्तों म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "पुजोल, खोडलंय. लिही."