वारं गेलं म्हणे

सकाळी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ ड्रेसवर सांडलं. आरशात बघितलं तर उजवा डोळा मिटत नव्हता, तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. आईला "बघ" म्हणायला गेले, तर तो 'ब' ओठांतून फुसकन निसटला.

"अगं बया, वारं गेलं की तोंडावनं!" आई म्हणाली.

तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. हातकणंगल्याहून रोज कोल्हापूरला कॉलेजला यायचे. वडील त्याच दिवशी मला राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी डोळ्यात टॉर्च मारली, गाल दाबला आणि माझ्याकडं न बघता वडिलांना म्हणाले, "गार हवा लागली असेल. आपोआप जातं." ताकदीच्या गोळ्या दिल्या. उघडा राहणारा डोळा कसा सांभाळायचा, ते सांगितलं नाही. तो लाल होऊन ठणकायला लागला, तेव्हा मीच रुमाल बांधून झोपायला लागले.

आपोआप काही गेलं नाही. दोन महिन्यांनी गारगोटीची आत्या आली.

आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात ताईत, अंगारा, नवस सगळं बंद. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. जयंतीला गल्लीत उभे राहून अंधश्रद्धेवर तासभर बोलायचे. आत्या त्यांच्याहून थोरली.

"तुझी भाषणं ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "पोरीचं लगीन व्हायचं हाय. आमच्याकडं एक जण वारं उतरवतोय. उद्या घेऊन ये."

वडील नाही म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत.

गारगोटीच्या पुढं एका मळ्यात त्या माणसानं माझ्यासमोर कबुतर कापलं आणि कोमट रक्त माझ्या गालाला चोळलं. "धुवायचं न्हाय. वाळू दे तसंच." मी वडिलांकडं बघितलं. ते खाली पडलेल्या पिसांकडं बघत होते. परतीच्या एसटीत ओढणीखाली ते रक्त वाळून गाल ओढत राहिलं. शेजारची बाई वास आला म्हणून उठून दुसऱ्या सीटवर गेली. त्यानंतर कित्येक दिवस मी वडिलांशी बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

मग एका दवाखान्यात करंटचं मशीन. गालाला पट्टी लावायची, बटण दाबलं की गाल उडायचा. "बघा, स्नायू जिवंत आहे!" मशीनवाले खूश. ही उडवाउडवी वर्षानुवर्षं चालली. हळूहळू चेहरा हलायला लागला, पण भलताच. घास चावला की उजवा डोळा मिटायचा. हसायला गेलं की मानेची शीर ताठ. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या पंगतीत समोरचा माणूस म्हणाला, "पावणं, डोळा मारताय व्हय?" सगळी पंगत हसली. मी ताट तिथंच सोडून उठले.

शिक्षण संपवून मी राजारामपुरीतच एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागले. पालकसभेच्या आदल्या दिवशी क्लासच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल. नवे पालक असतात... समजून घ्या."

"काय समजून घेऊ?"

"तसं नव्हे हो. तुम्ही शिकवता उत्तमच."

"मग उत्तम शिकवणारी बाई पालकांना दिसली तर काय बिघडतं?"

मी गेले. त्यांनी सगळ्यांची ओळख करून दिली, माझी सोडून. मी आपणहून उठले आणि गणित कोण शिकवतं ते सांगितलं. सभा संपल्यावर मालक माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं.

दोन हजार सालानंतर पुण्याहून एक डॉक्टरबाई महिन्यातून एकदा कोल्हापूरला यायला लागल्या. त्यांनी मला आरशासमोर बसवलं आणि बिस्कीट खायला लावलं. डोळा मिटला. "नस परत वाढली, पण चुकीच्या जागी जोडली गेली," त्या म्हणाल्या. "तोंडाला जाणारा हुकूम डोळ्याला पोचतो. करंट आजपासून बंद. त्यानं हे वाढू शकतं." ताठलेल्या स्नायूंत त्यांनी इंजेक्शनं दिली. आरशासमोर करायचे व्यायाम शिकवले. जोर न लावता, अगदी हळू.

मी विचारलं, "पहिल्याच दिवशी नीट औषध मिळालं असतं तर?"

"सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉइड दिलं तर बरं व्हायची शक्यता वाढते. खात्री कुणी देऊ शकत नाही."

पहिल्याच दिवशी तर गेले होते मी!

तिथून निघाले ती तडक राजारामपुरीतल्या त्या जुन्या डॉक्टरांकडं. त्यांनी ओळखलं नाही. सगळं सांगितलं, तर म्हणाले, "त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढं केलं."

"मग माहीत नाही म्हणायचं होतं. मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायचं होतं. तुम्ही 'आपोआप जातं' म्हणालात."

त्यांनी बेल दाबली. "पुढचा पेशंट पाठवा."

बाहेर आले, बाकावर माणसं बसली होती. आवाज आपोआप चढला. "कुणाचं तोंड वाकडं झालं तर हितं टाइमपास करू नका! त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जावा!" एक म्हातारा म्हणाला, "पोरी, शांत हो की." मी शांत झाले नाही.

इंजेक्शनांनी गुण आला. आता चारचौघांत जेवताना डोळा मिटत नाही, मान सैल असते. हसू मात्र अर्धंच येतं. काही महिन्यांनी असर उतरतो आणि परत सुई टोचून घ्यावी लागते. हे जन्मभराचं आहे.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा वडील निवृत्त झाले होते. म्हणाले, "गारगोटीला... मी घाबरलो होतो गं."

"मीपण घाबरले होते. मी तुम्हाला पक्षी कापायला सांगितलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फुडच्या बारीला मी येतो तुझ्यासंगं."

"या," मी म्हणाले. "पण डॉक्टरांशी मी बोलणार. तुम्ही बाहेर बसायचं."