माळावरच्या पाळ्या कोण खातंय?

आक्काच्या सांगलीतल्या घरी शिलाई मशीनच्या टेबलावर एक संगणक होता. गावात मी हे सांगितलं तेव्हा लोक हसले. संगणक म्हणजे मुंबईत गार खोलीत ठेवलेलं कपाट, त्याच्याभोवती कोट घातलेली माणसं, असं त्यांनी ऐकलं होतं. आक्काकडचा संगणक शाळेच्या पाटीएवढा होता. हिरवा पत्रा, त्यावर झुरळांसारखे काळे तुकडे, एका कोपऱ्यात बटणं आणि सहा लाल आकडे उजळणारी एक खिडकी, बस्स. दाजींचा धाकटा भाऊ परदेशात शिकला. त्यानं येताना तो आणला, घरात ठेवला आणि नोकरीला बेंगळूरला निघून गेला. दाजी सैन्यात सिग्नलमध्ये, बिनतारी यंत्रांवर होते आणि आता कुपवाडच्या कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करत होते. त्यांनी त्याला वीज जोडली, टेपरेकॉर्डर जोडला, आणि सुट्टीच्या दिवशी जेवायलासुद्धा उठेनात. आक्का त्याला सवत म्हणायची.

मला त्या यंत्राशी काही घेणंदेणं नव्हतं. मला पाणी पाहिजे होतं.

आमचं गाव शिराळ्याच्या खालच्या अंगाला. नदीवर पाणीपुरवठा संस्थेचा पंप, पंपापासून पाट, पाटावर सभासदांच्या पाळ्या. पाटाच्या तोंडाशी चेअरमनची आणि मानकऱ्यांची जमीन, शेपटाला माळ. माळावर एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, सगळ्या गावाची मावशी. तिच्या सासऱ्यानं मेंढरं हिंडवत येऊन तो माळ धरला. तिनं मेंढरं मोडून संस्थेचा शेअर घेतला आणि पहिल्यांदाच भुईमूग केला. तिची पाळी रात्रीच यायची. एकदा-दोनदा नव्हे, दर फेरीला. वरच्यांना उजेडात पाणी, खालच्यांना अंधारात. अंधारात वर कुणी पाट फोडला तर खालून बघायला जाणार कोण? एकटी बाई? भुईमूग फुलावर आला होता आणि सलग दोन पाळ्या कोरड्या गेल्या होत्या. आणखी एक गेली असती तर शेंगा पोकळ.

आम्ही पोरांनी पाळ्यांचा तक्ता केला. दिवस-रात्र सगळ्यांना फिरून सारखी येईल असा. चेअरमननी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"ह्यो तू केलास. मावशी तुझी लाडकी. हातानं केलेल्या तक्त्यात हात असतोच गड्या."

मी चिडून म्हणालो, "मग यंत्रानं केलेला चालेल?"

"चालंल की! यंत्राला कुठली सासुरवाडी?" सगळी सभा हसली. "पुढच्या सभेला आण जा."

त्यांना वाटलं, यंत्र कुठलं आणतोय हा. मी दुसऱ्या दिवशी सांगलीची एस.टी. धरली.

दाजी खूश झाले. त्या यंत्राला पहिल्यांदाच कुणीतरी काम आणलं होतं. ते म्हणाले, "हे बघा पुढारी, ह्याच्या पोटात हजारभर घरं हायेत. त्याला मेमरी म्हणायचं. एका घरात एक आकडा. काय करायचं त्येच्या सूचना बी आकड्यातच, त्याबी ह्याच घरांत. घरं संपली की धंदा बंद."

आम्ही कामाला लागलो. कुणाची जमीन किती, पाणी किती वेळ, आधी कोण, नंतर कोण. नावं घरांत पाटाच्या क्रमानं भरली, माळ शेवटी. पाण्याचा क्रम आम्हाला पाटकऱ्यानं सांगितला होता. पाटकरी म्हणजे पाटाची दारं उघडझाप करणारा गडी. त्याची रीत अशी: दर फेरीला सुरुवातीच्या पाळीतच मध्येच पाणी तोडायचं आणि देवाच्या जमिनीला सोडायचं. देवाची जमीन म्हणजे मानकऱ्यांच्या वहिवाटीतली इनामाची जमीन, हे मी आजपर्यंत तीन पत्रकांत लिहिलेलं आहे. असो. देवाला पाणी दिलं, नारळ फोडला, की पाटकरी मागं वळत नाही. "देवाचं पाणी देऊन माघारी फिरत न्हाईत. तोंड फुडं, चालायचं." तो चालतो तसं आम्ही यंत्राला चालायला शिकवलं. हुबेहूब.

यंत्रानं पहिली फेरी सांगितली. बिनचूक. दुसरी, तिसरी, बिनचूक. लाल आकडे पळत होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पत्रकं लिहून माझं मन सदा तापलेलं असतं. त्या खिडकीपुढं ते पहिल्यांदाच गार झालं. मग आणखी काही फेऱ्यांनंतर माळावरच्या शेवटच्या सभासदाच्या पाण्याचा वेळ भलताच आला. पुढच्या फेरीला त्याच्या वरच्याचा. मग मावशीचा. वर चेअरमन शाबूत, मानकरी शाबूत. शेपूट तेवढं तुटलेलं.

मी ओरडलोच, "दाजी, हे पण त्यांनाच सामील आहे!"

दाजी हसून हसून खाली बसले. मग गंभीर झाले. "मेमरी कोण तरी खातंय. घरं पुरंनात." थोडा विचार करून म्हणाले, "असं करू. ही माळावरची शेवटची चार-सहा नावं काढू. मग बसंल."

माझं डोकं फिरलं. "सभेत पण हेच म्हणतात! अडचण आली की माळ काढा!"

"आरं, सभा न्हवं ही, हिशेब हाय."

"हिशेबातच तर सगळं करतात."

तरीही त्यांनी ती नावं काढून बघितली, आणि बरं झालं. कारण मग नवंच काही दिसलं. यंत्र आधीपेक्षा जास्त फेऱ्या नीट चाललं, आणि मग आता जे शेवटी उरले होते त्यांचे आकडे फिरले. म्हणजे माळाच्या नावांत खोट नव्हती. शेवटी जो असेल तो खाल्ला जात होता. पलीकडून काहीतरी येत होतं, दर फेरीला थोडं थोडं पुढं, आणि शेपटापासून कुरतडत होतं.

आता राग बाजूला राहिला आणि मला ते काय आहे हे बघायचंच होतं. संबंध दिवस आम्ही दोघं त्याच्या मागं. दाजी म्हणाले वीज कमी-जास्त होत असेल. तसं नव्हतं, वीज जाते तेव्हा सगळंच पुसलं जातं, मग कॅसेटवरून परत भरावं लागतं, ते आम्ही दोनदा केलं होतं. मग म्हणाले एखादा तुकडा खराब असेल. तसंही नव्हतं, खराब तुकडा एकाच जागी बिघडतो, पुढं सरकत नाही. घरात डोकावायची सोय होती: बटण दाबत गेलं की एकेका घरातला आकडा खिडकीत दिसायचा. पण सगळीच घरं कसल्यातरी आकड्यांनी भरलेली. त्यातला कोणता आपण ठेवलेला, कोणता मागचा उष्टा, कोणता चोराचा, ओळखायचं कसं?

आक्का दारात पीठ चाळत बसली होती. सकाळपासून आमचं ऐकत होती. म्हणाली, "एवढं काय त्यात? मामंजी गेले तवा काय केलं हुतं? दिव्यापाशी पीठ पसरलं, वर पाटी पालथी घातली, सकाळी पावलं बघितली. तसं करा. पसरा पीठ त्या सवतीच्या पोटात."

आमच्याकडं माणूस गेला की हे करतात. पिठावर कसलं पाऊल उमटलं त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते सांगतात. ह्या पिठाविरुद्ध मी पत्रक काढलेलं आहे. 'मेलेल्याची पावलं बघू नका, जिवंताच्या पायातला काटा बघा.' मी तोंड उघडणार तोच दाजींनी माझा हात धरला.

"थांब. लय भारी बोलली ती."

"दाजी, तुम्ही सुद्धा?"

"आरं, रिकाम्या घरांत सगळीकडं एकच आकडा भरायचा. एकसारखा. मग एकच फेरी चालवायची आन् बघायचं, आकडा कुठं बदललाय. तितं पाऊल!"

आक्का म्हणाली, "माझी चेष्टा करताय व्हय?" पण आम्ही कुठं ऐकत होतो!

दाजींनी रिकाम्या घरांत 'AA' भरलं. खिडकीत तो आकडा इंग्रजी अक्षरांसारखा दिसायचा, ओळखायला सोपा. एक फेरी चालवली. थांबवली. मी बटण दाबत गेलो. AA, AA, AA. पीठ जसंच्या तसं. जमिनीवर वाकून बघावं तसे आम्ही दोघं त्या खिडकीवर वाकलो होतो. अगदी टोकाच्या काही घरांत बदल होता. दाजी म्हणाले ती यंत्राची स्वतःची बसायची जागा, तिथं रोजच वर्दळ. दुसरी फेरी चालवली. परत बघितलं. टोकाच्या अलीकडं आणखी दोन घरं बदलली होती. तिसरी फेरी. आणखी दोन. आणि दर वेळी तीच जोडी. तेच दोन आकडे, एकामागं एक, माळाच्या दिशेनं चाललेले.

"कोण आहे हा?"

दाजींनी मला समजावलं. यंत्र एक काम करता करता मध्येच दुसऱ्या कामाला जातं, तेव्हा आपण कुठून निघालो ते एका कडेला मांडून ठेवतं. पुरुषानं बाजाराला जाताना घरी सांगून जावं तसं. काम संपवून परत आलं की मांडलेलं पुसतं. ही जोडी म्हणजे तसं मांडलेलं ठिकाण होतं. मांडलं होतं, पुसलं नव्हतं. कारण यंत्र परत आलंच नव्हतं.

"आपून कुठं सांगितलं त्याला, की जा पण परत येऊ नको?"

आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडं बघितलं. देवाचं पाणी! यंत्र दर फेरीला सुरुवातीची पाळी मध्येच सोडून देवाच्या पाण्याला जात होतं, आणि पाटकऱ्यानं सांगितलं तसं, माघारी न वळता, तोंड पुढं करून चालू पडत होतं. मागं परतीची खूण तशीच. पुढच्या फेरीला आणखी एक. त्या खुणांची रास वाढत वाढत शेपटाकडच्या घरांवर येऊन पडत होती.

दाजींनी एकच सूचना वाढवली: माघारी फीर. मग माळावरची सगळी नावं परत भरली, पीठ परत पसरलं, आणि हंगामभराच्या सगळ्या फेऱ्या चालवल्या. टोकाची वर्दळ टोकालाच राहिली. मावशीचा वेळ शेवटपर्यंत तसाच. मी उठून दाजींना मिठी मारली. आक्का म्हणाली, "आता भाकरी खावा, न्हाईतर तुमाला पण पुसून टाकते."

सभेत मी तक्ता वाचला. चेअरमन म्हणाले, "परदेशी यंत्राला आपला देव काय ठावं?"

"हिशेबात धरलाय देव," मी म्हणालो. "आधी त्यानंच घोटाळा केला होता. पाटकरी देवाकडून माघारी फिरत नाही, म्हणून शेपटाचं पाणी मारलं जात होतं. यंत्रातसुद्धा. आता देवाचं पाणी झालं की पाटकऱ्यानं परत पहिल्या दारावर यायचं, तोडलेली पाळी तिथंच पुरी करायची, आणि ते दार बंद झालेलं डोळ्यांनी बघूनच पुढं जायचं."

पाटकरी मागून बोलला, "व्हय आवं, ते दार कवा कवा नीट लागत न्हाई, उघडंच ऱ्हातंय, पाणी तितंच जातंय. मी माघारी येतच न्हाई तर बघणार कोण?"

सभेत कुणी हसलं नाही. पहिल्या दारावरची जमीन कुणाची, ते सगळ्यांना माहीत होतं. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. यंत्राला सासुरवाडी नसते हे त्यांनीच भर सभेत सांगितलेलं. "एक फेरी बघू," म्हणाले.

तक्त्याप्रमाणं मावशीची पाळी उन्हं उतरायच्या आधी होती. यंत्राचं खरं होतंय का बघायला निम्मं गाव माळावर जमलं, वरच्या अंगाची पोरंसुद्धा. पाटाचं तोंड कोरडं होतं. वेळ झाली. काही नाही. वेळ टळली. कुणीतरी खाकरलं. मी वर चालत जाणार, तेवढ्यात पाटात पालापाचोळा हलला आणि त्याच्यामागं गढूळ, फेसाळ, चांगलं ढोपराएवढं पाणी आलं.

मला बोलायचं होतं. अशा वेळी काय बोलायचं ते माझ्याकडं नेहमी तयार असतं. मी बांधावर चढलो आणि "मित्रहो" म्हणालो.

"बाजूला सर रं," मावशी खोरं घेऊन धावत आली. "बांध फुटंल माझा!"