घरी गेलेली माणसं

"थकली मी बाप्पा," असं म्हणत बाई स्टाफरूममधल्या खुर्चीत बसायच्या आणि चपला काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. शाळा अकराला भरायची आणि हे सव्वाअकराला. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. त्याही हसायच्या, पण पाय खाली घ्यायच्या नाहीत.

साकोलीच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. त्यांच्या खुर्चीमागे एक जुनं इंग्रजी चित्र टांगलेलं होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. भंडाऱ्याच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना ते सापडलं होतं. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, त्याचं ते चित्र. घोड्यावर कोवळा राजा, जमिनीवर पडलेला बंडाचा पुढारी, समोर धनुष्यं आणि विळे घेतलेली गर्दी.

बाई गर्दीच्या कडेला बोट ठेवायच्या. तिथे एक माणूस पाठ फिरवून निघाला होता.

"सर, हा पाहा. राजा म्हणाला, सारं देतो, घरी जा. लेखीबी देलं. आन् हे निघाले. मंग राजा फिरला, कित्येकायले फासावर देलं. मले सांगा, हे गेले काहून?"

त्या हे का विचारतात ते फार उशिरा कळलं. बाईंचं गाव धरणात गेलं होतं. तेव्हा कचेरीसमोर गाव ठाण मांडून बसलं, त्यात त्यांचे वडील पुढे होते. नव्या गावठाणात पाणी देऊ, असा कागद साहेबाने दिला आणि सगळ्यांत आधी वडीलच उठले. नळ बसले, पाणी आलं नाही. गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. बाई रोज हातपंपावरून पाणी भरून, वडिलांना जेवायला वाढून शाळेत यायच्या. पण त्या कागदाबद्दल बापलेकीत कधी एक शब्द निघाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गाव पुन्हा त्याच पाण्यासाठी बसलं. बाई रजा टाकून पहिल्या रांगेत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो, तेव्हा एक तरुण अधिकारी कागद घेऊन आला होता. बाईंनी तो दोनदा वाचला.

"यात तारीख नाही, साहेब."

"टाकू ना मॅडम. आधी उठा तर खरं."

सगळे बाईंकडे पाहत होते. त्यांच्या शेजारी एक म्हातारी उन्हाने ओकत होती. मागे कुणाचं तरी लेकरू रडून रडून गप्प झालं होतं. बाईंनी कागदाची घडी घातली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला माय, घरी जाऊ."

त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या. मग म्हणाल्या, "येडे नव्हते ते, सर. थकले होते."

पुढच्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. चित्र जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेल्या.

दिवाळीत त्यांच्या घरी गेलो. अंगणातला नळ कोरडाच होता. चित्र वडिलांच्या खाटेसमोर लावलेलं. म्हाताऱ्याला आता नीट दिसत नाही. बाई शेजारी बसून एकेक माणूस सांगत होत्या, तो मान हलवत ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "या मानसायले पानी भेटलं का वो, माय?"

बाईंनी चित्रातल्या, पाठ फिरवून निघालेल्या त्या माणसाकडे पाहिलं.

"घरी पोचले ते, बाबा," त्या म्हणाल्या आणि वडिलांची उशी सरळ केली. "तुमी पडा आता."